रात्र शांत ठेवणारं सोलर : विजेचा त्रास होणाऱ्या माणसाच्या घरी प्लांट बसवताना

बडोद्यात हल्ली कुठल्याही सोसायटीत जा, अगाशीवर सोलरची पॅनल दिसतातच. मांजलपुरात माझ्या थोरल्या भावाचं घर आहे. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी प्लांट बसवले, तेव्हा भावालाही बसवायचा होता. अडचण वहिनींची होती. गेली सहा-सात वर्षं विजेच्या उपकरणांजवळ त्यांना त्रास होतो. डोकं जड होतं, तळव्यांना मुंग्या येतात, झोप तुटते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. डोक्यावर पॅनल, जिन्यात इन्व्हर्टर आणि मध्ये आपली खाट, हे चित्रच त्यांना सोसवेना. मी कलाभवनात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि पुढे मकरपुऱ्याच्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये आयुष्य घालवलं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, दिवसाचं मी निभावून नेईन. माझी रात्र तेवढी शांत ठेवा."

पुढची सगळी आखणी मी या एका वाक्यावर केली. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांच्यासाठी ती इथे सविस्तर लिहीत आहे. वायरिंगला हात लावायचं काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. सोलरच्या डीसी बाजूला (पॅनलकडची, एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेची बाजू) तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि ऊन आहे तोवर तो कुठल्याही बटणानं जात नाही.

शास्त्र काय म्हणतं

हे आधी सांगतो, कारण याच्यावर पांघरूण घालून दिलेला सल्ला धोक्याचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली या विषयावर, म्हणजे विद्युतचुंबकीय अतिसंवेदनशीलतेवर, माहितीपत्रक काढलं. त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. लोकांना होणारा त्रास खरा असतो आणि कधीकधी तो माणसाला पार जायबंदी करतो. पण तो विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळेच होतो असं प्रयोगांत सिद्ध झालेलं नाही. क्षेत्र चालू आहे की बंद, हे ना माणसाला ना तपासणाऱ्याला ठाऊक, अशा पद्धतीनं घेतलेल्या प्रयोगांत त्रास होणाऱ्यांना ते इतरांपेक्षा जास्त अचूक ओळखता आलं नाही.

मग एवढा खटाटोप कशाला? याला माझं उत्तर असं. अशा माणसाला घरात जे बदल हवे असतात, त्यांतले बहुतेक चांगल्या वायरमननं एरवीही करायलाच हवेत. जाणारी आणि येणारी वायर जोडीनं नेणं, प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल (परतीची वायर) आपापला ठेवणं, अर्थिंग पक्कं करणं, खोक्याची गुणगुण उशाशी न ठेवणं, यांनी शॉकचा आणि आगीचा धोकाही कमी होतो. वहिनींना बरं वाटलं तर उत्तमच, नाही वाटलं तरी घर जास्त सुरक्षित होतं. उलट शेकडो रुपयांचे "रेडिएशन शोषणारे" स्टिकर, पेंडंट आणि मीटरवर चिकटवायच्या चकत्या घेऊ नका. त्यांनी यातलं काहीही होत नाही.

पहिली पायरी : डॉक्टर, आणि मग वही

मुंग्या, धडधड, थकवा, डोकेदुखी, निद्रानाश यांना इतर कितीतरी कारणं असतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर आणि शाकाहारी घरात विशेषतः बी-१२, एवढं तपासून घ्या. वहिनींचं बी-१२ बरंच कमी निघालं. इंजेक्शनांनी तळव्यांच्या मुंग्या पुष्कळ उतरल्या, झोपेची तक्रार राहिली.

झोपेसाठी आम्ही वहीचा प्रयोग केला. तो थंडीत करावा, म्हणजे पंखा लागत नाही आणि पंख्याच्या आवाजावरून काही कळत नाही. पुतण्यानं चौदा चिठ्ठ्या केल्या, सातांवर "चालू", सातांवर "बंद". रोज रात्री वहिनी झोपायला गेल्यावर तो एक चिठ्ठी उचलायचा आणि "बंद" निघाली तर डीबीतला (मेन स्विचच्या बॉक्समधला) त्यांची खोली ज्यावर होती तो एमसीबी (सर्किट तोडणारा स्विच) पाडून राउटरही बंद करायचा. खोलीतलं बटण दाबायचं नाही असं ठरलं होतं, उशाशी हातबॅटरी (टॉर्च) ठेवलेली. सकाळी वहिनी वहीत झोपेला दहापैकी गुण द्यायच्या. पुतण्याच्या चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटात. चौदा दिवसांनी दोन्ही समोर ठेवलं.

चालू रात्री आणि बंद रात्री यांच्या गुणांत फरक पडला नव्हता. पण वहीच्या कडेला वहिनींनी आपणहून टिपणं केली होती, त्यांत "घूं आवाज" चार वेळा आलं होतं, आणि त्या चारही रात्री वाईट होत्या. हॉलमधला जुना घरगुती इन्व्हर्टर त्यांच्या खाटेच्या बरोबर पलीकडच्या भिंतीला टेकलेला होता. लाइट जाऊन आली की बॅटरी चार्ज होताना तो रात्रभर गुणगुणायचा, आणि भिंत तो आवाज उशापर्यंत पोचवायची. तो इन्व्हर्टर आम्ही जिन्याखाली हलवला. वहीनं जे दाखवलं ते वहिनींनी मोकळ्या मनानं मानलं, याचं मला फार अप्रूप वाटलं. दुखणाऱ्या माणसाला हे सोपं नसतं. तुम्ही हा प्रयोग केलात तर निकाल काहीही निघो, "बघ, तुला काही होत नाही" असं चुकूनही म्हणू नका. वही त्यांची, निष्कर्षही त्यांनीच काढायचा.

दुसरी पायरी : सोलरच्या आधी घरचं वायरिंग

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. जुन्या वायरिंगवर नवा प्लांट चढवला की जुना दोष नव्याच्या नावावर जातो आणि मग कोण खरं, कोण खोटं, हे कळेनासं होतं.

विजेचा प्रवाह एका वायरीनं जातो आणि दुसरीनं परत येतो. दोन्ही वायरी एकमेकींना चिकटून असल्या तर त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि हातभर अंतरावर जवळजवळ काही उरत नाही. परतीचा प्रवाह भलत्या वाटेनं गेला तर मात्र ही काटाकाटी होत नाही. एक अँपिअर एकटाच एका वायरीतून जात असेल, तर एक मीटरवर ०.२ मायक्रोटेस्ला, म्हणजे २ मिलिगॉस, क्षेत्र मिळतं, आणि ते अंतराबरोबर सावकाश ओसरतं. खोलीच्या खोली त्यात येते.

हे शोधायला महागडं यंत्र लागत नाही. लहान प्रवाह दाखवणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) घ्या आणि एकाच सर्किटची फेज (जाणारी वायर) आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र त्याच्या जबड्यात धरा. आकडा शून्य यायला हवा. आला नाही, तर परतीचा प्रवाह कुठेतरी पळतोय. भावाच्या घरात वरच्या मजल्याच्या सर्किटवर दीड-दोन अँपिअर दिसायचे, आणि तेही पाण्याची मोटर चालू असतानाच. कारण जिन्याच्या टू-वे दिव्याच्या डब्यात सापडलं. खालच्या आणि वरच्या मजल्याचे न्यूट्रल तिथे कुणीतरी एकत्र पिळले होते. मोटरचा परतीचा प्रवाह अर्धा खालून आणि अर्धा वरच्या मजल्याला वळसा घालून मेनला जात होता. याच जोडामुळे पूर्वी आरसीसीबी (प्रवाह गळला की लाइन तोडणारा स्विच) सारखा पडायचा, म्हणून एका वायरमननं तो काढून सरळ जोडणी करून दिली होती. म्हणजे शॉकपासून वाचवणारं यंत्रच घरातून गेलं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. डब्यातले न्यूट्रल वेगळे केले आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी परत बसवला. तो त्यानंतर उगाच पडलेला नाही.

याशिवाय न्यूट्रल आणि अर्थ घरात कुठेही जोडलेले नाहीत ना, प्लगच्या तिसऱ्या भोकाला खरोखर अर्थ आहे ना, फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या पत्र्याला टेस्टर लावल्यावर पेटतो का, एवढं पाहून घ्या. ओल्या पायांनी पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ती संवेदनशीलता समजून सोडून देऊ नका. तो गळणारा प्रवाह असू शकतो आणि तो कुणालाही जिवावर बेतू शकतो.

गॉसमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) मिळाला तर खाटेवर उशाच्या जागी, मध्ये आणि पायथ्याला आकडे घेऊन वहीत लिहा. मोबाइलमधल्या ॲपवर यासाठी विसंबू नका. त्यातला सेन्सर होकायंत्रासाठी बनवलेला असतो, घरच्या विजेच्या ५० हर्ट्झसाठी नाही. तुलनेसाठी सांगतो, अशा क्षेत्रांपासून संरक्षणाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाची (आयसीएनआयआरपी) २०१० ची सार्वजनिक मर्यादा ५० हर्ट्झला २०० मायक्रोटेस्ला म्हणजे २,००० मिलिगॉस आहे. घरात आपण एक-दोन मिलिगॉसच्या गोष्टी करत असतो. आकडा पाहून घाबरायचं नाही. आकड्याचा उपयोग दोष हुडकायला आणि आधी-नंतरची तुलना करायला करायचा.

सोलरमध्ये नेमकं काय "बोलतं"

पॅनल स्वतः मुकं असतं. उन्हात त्यातून डीसी निघतो, आणि डीसीचं क्षेत्र स्थिर असतं, पृथ्वीच्या चुंबकत्वासारखं. जे काही बोलतं ते इन्व्हर्टर. तो डीसीचे सेकंदाला हजारो तुकडे करून त्यातून एसी (दिशा बदलत राहणारी, घरात वापरतो ती वीज) घडवतो. त्या तोडातोडीची किरकिर थोडी घरच्या वायरिंगकडे आणि थोडी उलटी पॅनलच्या वायरींकडे पसरते. हल्लीचे बहुतेक घरगुती इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरविना असतात, त्यामुळे पॅनलच्या चौकटींपर्यंत अल्पसा गळता प्रवाह पोचतो. चौकटींना अर्थ नसेल तर पावसाळ्यात पॅनल पुसताना हाताला झिणझिणी येते ती यामुळेच.

आता वहिनींच्या वाक्याकडे या. बॅटरी नसलेला, ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) जोडलेला इन्व्हर्टर सूर्य मावळला की झोपतो. रात्री तो काहीच घडवत नाही. रात्रभर जागतो तो बॅटरीवाला इन्व्हर्टर. म्हणून झोपेची काळजी असलेल्या घरात मोठी हायब्रिड सिस्टिम घेऊन सगळं घर बॅटरीवर टाकण्यापेक्षा दिवसासाठी साधा ग्रिडचा प्लांट आणि रात्रीसाठी छोटी, वेगळी डीसी सोय, अशी विभागणी मला जास्त शहाणपणाची वाटते. एक लक्षात ठेवा, ग्रिडचा प्लांट लाइट गेल्यावर भर दुपारीसुद्धा बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या घरातून उलटा शॉक बसू नये म्हणून तो नियमच आहे.

इन्व्हर्टर कोणता

पर्याय तीन असतात. मायक्रोइन्व्हर्टर प्रत्येक पॅनलखाली एक बसतो. सावली पडणाऱ्या छतावर तो चांगला, पण सहा पॅनल म्हणजे झोपायच्या खोलीवर सहा इन्व्हर्टर, आणि त्यांतले बरेच आपली माहिती घरच्याच वायरिंगमधून संदेश सोडून पाठवतात. ऑप्टिमायझरचंही (प्रत्येक पॅनलची वीज वेगळी सांभाळणारं छोटं खोकं) पुष्कळसं तसंच. आपल्या कामाला साधा स्ट्रिंग इन्व्हर्टर (ओळीनं जोडलेल्या पॅनलना, म्हणजे स्ट्रिंगला, मिळून एकच) बरा. सगळी तोडातोडी एकाच खोक्यात होते आणि ते खोकं कुठे टांगायचं हे आपल्या हातात राहतं. त्यासाठी छतावर सावली नसावी, टाकीची आणि जिन्याच्या खोलीची सावली डिसेंबरात बघून ठेवावी.

खोक्यात पंखा आहे का ते विचारा. तीन किलोवॉटपर्यंत पंखा नसलेले, नुसत्या धातूच्या पट्ट्यांनी थंड होणारे मिळतात. त्यांचा आवाज कमी. सोबत बहुतेक वेळा माहिती पाठवणारी वायफायची किंवा सिमची काडी (डाँगल) येते. वायरनं माहिती नेण्याची सोय असेल तर तीच मागा. अनुदानाच्या प्लांटला मॉनिटरिंगची काय अट आहे ते वेंडरकडून करार करण्याआधी लेखी घ्या. काडी ठेवावीच लागली तर ती गच्चीवर, खोलीपासून लांब राहील अशी जागा आधीच पक्की करा. आणि निर्मात्याचं ईएमसी (विद्युतचुंबकीय अनुरूपता) चाचणीचं प्रमाणपत्र मागून बघा. किरकिर रोखणारे फिल्टर आत असल्याची ती खूण आहे. बाहेरून स्वस्त फिल्टर आणून लावू नका, त्यातले काही गळता प्रवाह वाढवतात आणि आरसीसीबी पाडतात.

किती मोठा घ्यायचा? दोन महिन्यांच्या बिलावरचे युनिट साठनं भागा. आपल्या भागात एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, उन्हाळ्यात जास्त, श्रावणात बराच कमी. रोजचे बारा युनिट लागत असतील तर तीन किलोवॉट पुरे. ५५० वॉटची सहा पॅनल, साधारण अडीचशे ते तीनशे चौरस फूट जागा.

जागा : पूर, ऊन आणि खाट यांच्या मध्ये

हा प्रश्न बडोद्यात फार अवघड आहे. खाटेपासून लांब म्हणून प्रत्येक जण आधी खालचं पार्किंग दाखवतो. पण विश्वामित्री नदीचं पाणी २०१९ ला आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये कुठे कुठे शिरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. समा, अकोटा, वडसर, अशा किती भागांत पार्किंग म्हणजे तळं झालं होतं. तिथे इन्व्हर्टर आणि बॅटरी ठेवणं म्हणजे दर पावसाळ्यात जीव मुठीत धरणं. भावाच्या गल्लीत पाणी कमी आलं होतं, तरी मी खाली ठेवायला ठाम नकार दिला.

मग उरते गच्चीवरची जिन्याची खोली. ती खाटेपासून लांब, पुरापासून उंच, पण मे महिन्यात भट्टी. पारा बेचाळीसच्या पुढे गेला की इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला कमी काम करतो आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. आम्ही तिच्या उत्तरेच्या भिंतीवर, आतल्या बाजूनं, जमिनीपासून पाच फुटांवर इन्व्हर्टर लावला. समोरासमोर दोन जाळीच्या खिडक्या पाडल्या, वरच्या स्लॅबला पांढरा चुना दिला. खोलीखाली जिनाच आहे, झोपायची खोली नाही. हे मात्र नकाशा काढून बघावंच लागतं. खोक्यासारख्या वस्तूचं क्षेत्र अंतराबरोबर झपाट्यानं पडतं, दोन-तीन मीटरवर बहुधा घराच्या मूळ आकड्यात मिसळून जातं. पण भिंत त्याला अडवत नाही, म्हणून "मध्ये भिंत आहे" हा युक्तिवाद ऐकू नका. टेप घेऊन खाटेपर्यंतचं सरळ अंतर मोजा.

मीटरचंही तेच. वीज कंपनीचा दुतर्फा मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारा, म्हणजे नेट मीटर) बाहेरच्या भिंतीवर बसतो. त्या भिंतीच्या आतल्या बाजूला उशी येत असेल तर मीटर हलवण्याच्या अर्जापेक्षा खाट फिरवणं कितीतरी सोपं.

पॅनल सात-आठ फूट उंच सांगाड्यावर घ्या. खाली वाळवणं घालता येतात, आणि उत्तरायणाला अगाशी लागतेच. १४-१५ जानेवारीला बडोद्यात अर्धं गाव छतावर असतं, पॅनल बुटकी असली तर पतंग पकडायला पोरं त्यांच्यावर पाय देतात. सांगाड्यावरून लोंबणाऱ्या वायरींत मांजा अडकतो आणि ओढला की कनेक्टर सैल होतो. सगळ्या वायरी नळीतून न्या. पॅनलचा उतार दक्षिणेला वीसेक अंशांचा. कर्कवृत्त आपल्या थोडं उत्तरेला असल्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यापासून महिनाभर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला जातो, पण त्यासाठी उतार बदलायची गरज नाही.

वायरी आणि अर्थिंग

वेंडरचे कारागीर घाईत असतात. त्यामुळे या गोष्टी कागदावर लिहून द्या आणि त्या दिवशी स्वतः गच्चीवर उभे राहा. भर उन्हात उभं राहावं लागलं तरी चालेल, कारण नळ्या बंद झाल्यावर काही दिसत नाही.

स्ट्रिंगची प्लस आणि मायनस वायर शेजारी शेजारी, एकाच वाटेनं आली पाहिजे. कारागीर सोयीसाठी एक वायर छताच्या या कडेनं आणि दुसरी त्या कडेनं आणतात. मध्ये मोठा फास तयार होतो. त्याचं क्षेत्र पसरतं आणि जवळपास वीज कोसळली तर त्याच फासात झटका उत्पन्न होऊन इन्व्हर्टर जळतो. छतावरून उतरणारी एसी केबल झोपायच्या खोलीच्या भिंतीवरून न आणता जिन्याच्या किंवा न्हाणीच्या बाजूनं आणा. सोलरची लाइन घरच्या आरसीसीबीच्या आधी, मेनच्या बाजूला, तिच्या स्वतःच्या एमसीबीवर जोडायची.

डीसी बाजूला डीसीचाच एमसीबी आणि आयसोलेटर (लाइन पूर्ण तोडणारा स्विच). एसीचा एमसीबी तिथे लावलेला मी स्वतः दोन घरांत पाहिला आहे. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही, स्विच वितळून आग लागते. पॅनलचे एमसी-फोर कनेक्टर (वायरी जोडायचे प्लग) चालू प्रवाहात कधीही ओढून काढायचे नाहीत, आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी जुळवायचे नाहीत.

अर्थिंगचे तीन खड्डे मागा: आकाशातली वीज झेलणाऱ्या सळईचा, डीसीचा आणि एसीचा. सळईची उतरती पट्टी वहिनींच्या खोलीच्या विरुद्ध कोपऱ्यातून नेली. प्रत्येक पॅनलची चौकट अर्थच्या वायरीला जोडलेली हवी. ॲल्युमिनियमवरच्या संरक्षक थरावर नुसता बोल्ट कसला तर संपर्क होत नाही, दातेरी वॉशर लागतो. खड्ड्याचा रोध कारागिरानं तुमच्यासमोर मोजून दाखवावा. पाच ओहमच्या खाली आला तर समाधान मानायचं.

रात्रीची सोय

वहिनींच्या खोलीसाठी आम्ही २४ व्होल्टची वेगळी डीसी लाइन टाकली. तिचा घरच्या एसीशी काही संबंध नाही. हिशेब असा. २४ व्होल्टचा डीसी पंखा ३० वॉट, आठ तास, म्हणजे २४० वॉट-तास. पाच-पाच वॉटचे दोन दिवे आणि फुटकळ धरून साडेतीनशे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या दोन ट्युब्युलर (लेड-ॲसिड) बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की २,४०० वॉट-तास होतात. लेड-ॲसिड अर्ध्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणून हाताशी १,२०० धरायचे. म्हणजे आभाळ भरून आलं तरी तीन रात्री निभतात. भरायला ३३० वॉटचं एक वेगळं पॅनल.

१२ च्या ऐवजी २४ व्होल्ट का? ६० वॉटचा भार पंधरा मीटरवर २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीनं नेला, तर २४ व्होल्टला अर्धा व्होल्ट वाटेत जातो, १२ व्होल्टला एक व्होल्टहून जास्त. म्हणजे बाराच्या लाइनवर पंखा आणि दिवे दोन्ही मंद.

चार्ज कंट्रोलर (पॅनलमधून बॅटरी भरणं सांभाळणारं खोकं) साधा, पीडब्ल्यूएम जातीचा घेतला. एमपीपीटी जातीचा जास्त वीज काढतो, पण त्यात इन्व्हर्टरसारखी वेगवान तोडातोडी असते, आणि इथे एवढ्या विजेची गरजही नाही. रात्री तो नुसता पहारा देतो. डीसी पंख्यातही इलेक्ट्रॉनिक्स असतं, हे मी वहिनींना आधीच सांगितलं, लपवलं नाही. म्हणून पंखा बसवण्याआधी तो टेबलावर ठेवून त्यांना तासभर त्याच्याजवळ बसवलं. पहिला त्यांना नको वाटला, त्याची शीळ मलाही ऐकू येत होती. दुकानदारानं बदलून दिला, दुसरा चालला.

बॅटरीच्या अगदी टोकाशी फ्यूज हवाच. वायर घासून शॉर्ट झाली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि इन्सुलेशन पेट घेतं. लेड-ॲसिडमधून हायड्रोजन निघतो, म्हणून ती बंद कपाटात किंवा झोपायच्या खोलीत ठेवायची नाही. आमच्या बॅटऱ्या त्याच जिन्याच्या खोलीत, खालच्या जाळीजवळ सावलीत आहेत. महिन्यातून एकदा डिस्टिल्ड पाण्याची पातळी पुतण्या बघतो, उन्हाळ्यात दोनदा.

आणि डीबीत वहिनींच्या खोलीच्या एसी सर्किटला स्वतःचा एमसीबी दिला. झोपताना त्या तो स्वतः पाडतात आणि डीसीचा दिवा लावतात. प्रयोगाच्या वहीत फरक दिसला नव्हता हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी कळ आपल्या हातात आहे याचं त्यांना समाधान वाटतं, आणि ते समाधान द्यायला फक्त एक एमसीबी लागला.

अर्ज आणि अनुदान

ही बाजू आता बरीच सुटसुटीत आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्तला ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान आहे. राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांकानं नोंदणी, वीज कंपनीची मंजुरी, नोंदणीकृत वेंडर, बसवणी, नेट मीटर, तपासणी, मग अनुदान बँक खात्यात. पॅनल भारतात बनलेल्या सेलचीच असावी लागतात. रात्रीची छोटी डीसी सोय यात धरू नका, तिचा खर्च आपला आणि तिची वायर ग्रिडच्या प्लांटला कुठेही शिवता कामा नये.

चालू केल्यावर

पहिल्या दिवशी दुपारी बारा ते दोन, प्लांट पूर्ण जोरात असताना, खाटेवरचे तेच तीन आकडे पुन्हा घ्या. मग जुना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर घेऊन स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवा आणि इन्व्हर्टरपासून खोलीकडे चालत या. इन्व्हर्टरजवळ चरचर येणारच, खोलीत ती विरायला हवी. खोलीत येत असेल तर कुठली वायर ती आणते ते ट्रान्झिस्टरच दाखवतो. आमच्याकडे ती टीव्हीच्या केबलबरोबर येत होती. केबल सोलरच्या एसी वायरीपासून फूटभर लांब नेली आणि चरचर गेली. खाटेवरचा आकडा आधीपेक्षा वाढला नव्हता. वायरिंगचा दोष काढल्यामुळे मोटर चालू असतानाचा आकडा तर आधीच खाली आला होता.

पहिले पंधरा दिवस वही पुन्हा सुरू ठेवा. वहिनींनी तर पॅनल बसल्यापासूनच ठेवली. पहिल्या तीन रात्री वाईट गेल्या, आणि तेव्हा प्लांट चालूच झाला नव्हता, नेट मीटरची वाट बघत होता. हे त्यांनी स्वतः तारखा बघून ओळखलं आणि मला फोन करून सांगितलं.

शेवटचं काम म्हणून डीबीच्या दाराला आतून एक कागद चिकटवा, मोठ्या अक्षरांत, घरातल्या प्रत्येकाला वाचता येईल असा. आमच्या कागदावर असं लिहिलं आहे: पाणी चढायला लागलं की आधी सोलरचा एसी एमसीबी पाडायचा, मग गच्चीवर जाऊन डीसी आयसोलेटर, मग बॅटरीचा फ्यूज काढायचा, मग मेन. मीटरपर्यंत पाणी पोचलं असेल तर मेनला हात लावायचा नाही, वीज कंपनीला फोन करायचा. दिवसा पॅनलची वायर मेन बंद असली तरी जिवंत असते. पाणी ओसरल्यावर वायरमननं बघितल्याशिवाय काहीही चालू करायचं नाही. खाली वायरमनचा नंबर आहे, आणि त्याच्याखाली वहिनींच्या अक्षरात: "वहिनींची हातबॅटरी उशाखाली आहे, ती घेऊन वर जा."